छायांचा हिशेब

१८९५ सालच्या डिसेंबरच्या २२ तारखेस जर्मनीतील व्यूर्त्सबुर्ग या गावी विल्हेल्म राँटगेन यांनी आपल्या पत्नीचा, आना बेर्टा यांचा, हात प्रकाशचित्रणाच्या काचेवर सुमारे पंधरा मिनिटे स्थिर ठेवविला, आणि त्या काचेवर बोटांची हाडे व एका बोटातील अंगठी यांची जी छाया उमटली तिने अवघ्या काही आठवड्यांत सगळे युरोप चकित करून सोडले, ही हकीगत शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु राँटगेन यांनी निवडलेला हात हा क्ष-किरणांच्या दृष्टीने मानवी देहातील अगदी सोपा विषय होता, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हात जात्याच पातळ. त्यात चुन्याच्या क्षारांनी घट्ट झालेली हाडे, भोवती मऊ मांस आणि वर धातूची अंगठी. या तिन्हींच्या किरण शोषण्याच्या शक्तीत इतकी ठळक तफावत, की यंत्र कितीही ओबडधोबड असते तरी छाया उमटलीच असती. त्याच हातातील स्नायू, कंडरा व रक्तवाहिन्या मात्र त्या चित्रात एकमेकांत पार मिसळून गेल्या होत्या. आणि त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे या शास्त्राने जो खटाटोप चालविला आहे त्याचा बराच मोठा भाग, त्या हातात जे दिसले नाही ते दिसावे यासाठीच खर्ची पडला आहे.

या खटाटोपाची दोन-तीन ठिकाणे जवळून पाहण्याचा, आणि त्या खोल्यांतून आयुष्य घालविलेल्या तंत्रज्ञांशी सावकाश बोलण्याचा योग मला आला. त्यावरून माझी अशी खात्री झाली आहे, की वैद्यकीय प्रतिमेचा दर्जा फुकट कधीच मिळत नाही; तो दर वेळी कशाच्या तरी मोबदल्यात विकत घ्यावा लागतो, त्या मोबदल्याचा बहुतेक भाग रुग्णाच्या देहावर पडणाऱ्या किरणांच्या मात्रेच्या रूपाने चुकता होतो, आणि किती द्यावयाचे व त्याबद्दल किती घ्यावयाचे हा सौदा करणारा मनुष्य म्हणजे ज्याचे नाव बहुधा रिपोर्टावर कोठेही नसते असा तो तंत्रज्ञ होय.

सौद्याचा पहिला आकडा केव्हीचा, म्हणजे नळीला दिलेल्या किलोव्होल्टांचा. क्ष-किरण देहात शिरला म्हणजे त्याला तीन वाटा असतात: तो आरपार जाईल, वाटेतल्या एखाद्या अणूकडून पुरता शोषला जाईल, किंवा धक्का खाऊन भलतीकडेच वळेल. यांपैकी पुरते शोषले जाण्याची शक्यता पदार्थाच्या अणुक्रमांकाच्या साधारणतः घनाच्या प्रमाणात वाढते आणि किरणाच्या ऊर्जेच्या घनाच्या प्रमाणात घटते. हाडातील कॅल्शियमचा अणुक्रमांक २०, मांसातील ऑक्सिजनचा ८ आणि कार्बनचा ६. तेव्हा सौम्य ऊर्जेच्या किरणांना हाड व मांस यांतील अंतर फार मोठे भासते आणि फोटोत काळे-पांढरे स्वच्छ वेगळे होतात. ऊर्जा दुप्पट केली की असे शोषण जवळपास अष्टमांशावर येते, काळ्या-पांढऱ्यातील हा छायाभेद, ज्याला या खोल्यांत सगळे जण कॉन्ट्रास्ट म्हणतात, मावळू लागतो, आणि त्याच्या जागी राखाडी रंगाच्या पुष्कळ छटा उतरतात.

यावरून कमी केव्ही चांगला असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घाईचा ठरेल. समजा, शिडीवरून पडलेल्या एका मजुराची बरगडी मोडल्याचा संशय आहे. त्याच्या छातीसाठी ६५-७० केव्ही योग्य, कारण येथे हाडच पाहावयाचे आहे. समजा, दुसऱ्या एका माणसास पुष्कळ दिवसांचा खोकला आहे आणि क्षयाची शंका आहे. त्याच्या छातीसाठी ११० ते १२५ केव्ही लावणे हितकर, कारण त्या ऊर्जेला बरगड्या फिक्या पडतात, त्यांच्या आड दडलेला फुप्फुसाचा भाग उघडा होतो, आणि हृदयाच्या मागील बाजूचेही काही दिसू लागते. छाती तीच, यंत्र तेच. प्रश्न वेगळा, म्हणून फोटो वेगळा. असे असूनही तंत्रज्ञाच्या हाती येणाऱ्या चिठ्ठीवर पुष्कळदा ‘चेस्ट एक्स-रे’ एवढे दोनच शब्द असतात. रुग्णास काय होते, डॉक्टरांना काय शोधावयाचे आहे, याचा अक्षरानेही उल्लेख नसतो. या निष्काळजीपणाचे मला फार वाईट वाटते, कारण ज्याने उत्तर आणावयाचे त्यालाच प्रश्न सांगितला जात नाही.

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या रुग्णालयात मी अशाच एका छातीच्या फोटोच्या वेळी हजर होतो. सत्तरीच्या घरातले एक शेतकरी गृहस्थ सदरा काढून उभे होते. “आजोबा, पुढं या. छाती या फळीला टेकवा. हनुवटी वर, हां, अशी. आता दोन्ही हात कमरेवर अन् कोपरं पुढं ढकला,” असे म्हणत तंत्रज्ञाने त्यांचे खांदे हलक्या हाताने पुढे वळविले. या वळविण्याने खांद्याची पाती फुप्फुसावरून बाजूला सरतात. नळी पाठीमागे १८० सेंटिमीटरवर होती. इतक्या लांबून किरण जवळजवळ समांतर येतात, आणि हृदय पुढच्या बाजूस, फळीच्या निकट असल्याने त्याची छाया फुगत नाही. “मोठ्ठा श्वास घ्या. धरा. धरा. सोडा.” पडद्यावर चित्र उमटले तेव्हा तंत्रज्ञाने पेनाच्या टोकाने पाठीकडच्या बरगड्या वरून खाली मोजल्या आणि तो थांबला. “आठच दिसताहेत. दहा तरी पाहिजेत. आजोबांनी श्वास अर्धाच घेतला,” तो मला म्हणाला. “अशानं खालची फुप्फुसं गोळा होतात, तिथं पांढरट दिसतं, हृदयही मोठं वाटतं. हा न्यूमोनिया की अर्धा श्वास, हे डॉक्टरांनी कशावरून ओळखायचं?” मग त्याने आजोबांकडून दोनदा नुसता श्वास घेववून पाहिला, आणि तिसऱ्या श्वासाला फोटो घेतला. यंत्राच्या एकाही आकड्याला त्याने हात लावला नव्हता. तरी दुसरे चित्र पहिल्याहून सर्वस्वी निराळे होते.

भलतीकडे वळणाऱ्या किरणांची कथा याहून कठीण. असे प्रकीर्ण किरण कोठून आले याचा पत्ता प्लेटीला लागत नाही. ती त्यांनाही प्रामाणिकपणे नोंदविते, आणि सगळ्या चित्रावर धुके पसरावे तसा एकसारखा करडा थर चढतो. स्थूल माणसाच्या पोटाच्या फोटोत कसलाच बंदोबस्त केला नाही तर प्लेटीवर पडणाऱ्या किरणांत या वाट चुकलेल्यांचा वाटा मूळ किरणांच्या कित्येक पट भरतो. १९१३ साली बर्लिनच्या गुस्टाव बकी यांनी शिशाच्या पट्ट्यांची एक जाळी केली, जिच्यातून सरळ येणारे किरण निसटावेत आणि तिरपे येणारे पट्ट्यांवर आपटून नष्ट व्हावेत. चित्र उजळले, परंतु पट्ट्यांच्या रेघा त्यावर उमटू लागल्या. तेव्हा पुढील काही वर्षांत शिकागोच्या हॉलिस पॉटर यांनी फोटो घेतला जात असतानाच जाळी सरकत राहील अशी तजवीज केली आणि रेघा पुसल्या गेल्या. आजही आपल्याकडील प्रत्येक एक्स-रे खोलीत ‘बकीवर घे’ हा शब्दप्रयोग रोजचा आहे. मात्र जाळी काही सरळ किरणांनाही अडविते, सबब ती लावली की मात्रा तिप्पट ते पाचपट वाढवावी लागते. म्हणून लहान मुलाच्या पातळ अंगाला अथवा हाताच्या पंजाला जाळी लावणे हा अपव्यय होय. याउलट, किरणांची चौकट पाहिजे तेवढ्याच भागावर आवळणे हा एकच उपाय असा आहे की ज्यात धुकेही घटते आणि मात्राही घटते. तो फुकट आहे, आणि घाईच्या दिवशी सर्वांत आधी तोच विसरला जातो.

या साऱ्या विचारांची कसोटी पाहावयाची तर मॅमोग्राफीच्या खोलीत जावे. तेथे हाड नाही, हवा नाही, धातू नाही. आहे ती चरबी, ग्रंथींचे ऊतक आणि क्वचित त्यात लपलेली गाठ, जिचे शोषण ग्रंथींच्या शोषणाशी इतके मिळतेजुळते असते की नेहमीच्या किरणांना दोहोंत भेद दिसूच नये. म्हणून येथे केव्ही २५ ते ३२ इतका खाली आणतात. नळीतील लक्ष्य पूर्वापार मॉलिब्डेनमचे ठेवीत असत, कारण त्या धातूचे स्वाभाविक किरण १७ ते २० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टांच्या आसपास निघतात आणि नेमके तेथेच हा सूक्ष्म भेद काहीसा पकडीत येतो. आता रोडियम किंवा चांदीच्या गाळण्यांसह टंगस्टनही वापरतात. नळीच्या ज्या बाजूस किरण अधिक तीव्र असतात ती बाजू मुद्दाम छातीकडे ठेवलेली असते, कारण तेथे स्तन सर्वांत जाड. शोधावयाचे असतात ते चुन्याचे कण, मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाएवढे. त्यांचा पुंजका कसा आहे यावरून पुष्कळदा रोगाची पहिली वर्दी मिळते. इतके बारीक टिपावयाचे तर किरणांचा उगमबिंदूही बारीक हवा. तो येथे ०.३ मिलिमीटर, आणि मोठे करून पाहावयाचे असेल तर ०.१ मिलिमीटर एवढाच असतो.

आणि मग तो दाब, ज्याची बायकांना धास्ती असते. पारदर्शक पट्टीने स्तन दाबून पसरविला की एकाच क्रियेतून चार-पाच गोष्टी साधतात. जाडी घटल्याने प्रकीर्ण किरण घटतात. एकमेकांवर चढलेले ऊतकांचे थर अलग होतात. सर्व भाग प्लेटीच्या जवळ येऊन कडा रेखीव होतात. अंग हलत नाही. आणि मात्रा कमी पुरते. “मावशी, थोडं दुखेल, पण फोटो झाला की पट्टी आपोआप सुटते. दुखलं तर सांगा, मी थांबते,” असे तेथील तंत्रज्ञ बाई प्रत्येकीस सांगत होत्या. त्यांचे म्हणणे असे, की ज्या बाईला दाब कशासाठी हे आधी समजते ती तो सोसते, आणि जिला समजत नाही ती नेमकी फोटोच्या क्षणी अंग चोरते. तरुण स्त्रियांत ग्रंथींचे प्रमाण अधिक असल्याने सगळेच चित्र पांढरे येते आणि पांढऱ्यात पांढरी गाठ लपते, ही या पद्धतीची खरी मर्यादा. तेथे सोनोग्राफीची मदत घ्यावी लागते.

रेखीवपणाचा सौदाही असाच अवघड. नळीला मिळणाऱ्या शक्तीपैकी एक टक्का शक्तीचेही क्ष-किरण होत नाहीत. उरलेल्या सगळ्या शक्तीची उष्णता होते. उगमबिंदू बारीक ठेवला की उष्णता एका जागी साठते, म्हणून प्रवाह कमी ठेवावा लागतो. प्रवाह कमी म्हणजे वेळ जास्त, आणि वेळ जास्त म्हणजे रडणारे मूल हलणार. बारीक बिंदूने मिळविलेले सारे हालचालीत वाहून जाते.

जेथे देहाने स्वतःहून भेद दिला नाही तेथे तो बाहेरून आणण्याची युक्ती निघाली. १९२७ साली लिस्बनमध्ये एगास मोनीझ यांनी मानेतील रोहिणीत आयोडीनयुक्त द्रव सोडून जिवंत माणसाच्या मेंदूच्या रक्तवाहिन्या दृश्यमान केल्या. आयोडीनचा अणुक्रमांक ५३, आणि ३३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टांच्या किंचित वर त्याचे शोषण एकाएकी उसळी मारते. म्हणून रक्तवाहिन्यांच्या तपासणीत केव्ही ७०च्या आसपास ठेवला की त्या उसळीचा पुरेपूर लाभ होतो. परंतु याच प्रकरणात एक दुःखद पान आहे. १९३०च्या सुमारास थोरोट्रास्ट नावाचे द्रव्य प्रचारात आले. त्यातील थोरियमचा अणुक्रमांक ९०. चित्रे अप्रतिम येत, रुग्णास तात्काळ काही त्रास होत नसे, आणि डॉक्टर त्यावर प्रसन्न होते. ते द्रव्य यकृतात व प्लीहेत जन्मभर साठून राही आणि आतून अल्फा किरणांचा मारा करीत असे. पुढे कित्येक वर्षांनी त्या रुग्णांत यकृताचे कर्करोग दिसू लागले आणि १९५०च्या दशकात त्याचा वापर मागे पडला. सुंदर चित्र मिळाले म्हणजे रुग्णाचे भले झाले असे मानणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण वाचावे.

हे जुने प्रकरण आज आठवण्याचे कारण डिजिटल यंत्रे होत. क्ष-किरण हे कणाकणाने येतात, आणि कोणत्या जागी किती कण पडावेत याला काही बंधन नाही. वळवाचे पहिले थेंब अंगणातल्या फरशांवर पडतात तेव्हा एका फरशीवर पाच, शेजारच्या फरशीवर दोन असे होते. पाऊस धो धो कोसळला की सगळ्या फरश्या सारख्याच भिजतात. किरण थोडे असले की चित्रात असाच रवाळपणा येतो, आणि त्या रव्यात बारीक, फिकी छाया हरवते. १९४८ साली आल्बर्ट रोझ यांनी असे मांडले, की एखादी खूण खात्रीने ओळखू यावयास तिचे बळ त्या रवाळपणाच्या सुमारे पाचपट असावे लागते. अडचण अशी की रवाळपणा निम्मा करावयाचा तर किरण चौपट लागतात. हिशेब महागडा आहे.

फिल्मच्या जमान्यात हा हिशेब कोणाला लपविता येत नसे. मात्रा जास्त झाली की फिल्म काळीकुट्ट, कमी झाली की पांढरीफटक. डार्करूममधून बाहेर आलेली ओली फिल्म प्रकाशपेटीवर चढविली की तंत्रज्ञाची चूक सर्वांसमक्ष उघडी पडे. १९८०च्या दशकात जपानच्या फुजी कंपनीने फिल्मऐवजी पुन्हा पुन्हा वापरता येणारी प्लेट आणि तिचे संगणकाने वाचन ही पद्धत बाजारात आणली, आणि तेव्हापासून मात्रा व काळेपणा यांची गाठ सुटली. संगणक कमी-जास्त सगळे सावरून चित्र ठरलेल्या उजेडाला आणून ठेवतो. मात्रा कमी पडली तर चित्र रवाळ येते, आणि डॉक्टर ताबडतोब तक्रार करतात. मात्रा दुप्पट झाली तर चित्र गुळगुळीत, मोहक येते, आणि कोणीच तक्रार करीत नाही. परिणामी, कोणाच्याही मनात वाईट हेतू नसताना, महिन्यामहिन्याने आकडे वर सरकत जातात. चित्र जितके देखणे तितका संशय अधिक घ्यावा, अशी ही विलक्षण स्थिती आहे.

यावर उपाय आहे आणि तो प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत उभा असतो. प्लेटीवर प्रत्यक्ष किती किरण पोचले आणि ठरविलेल्या लक्ष्यापासून ते किती दूर आहेत, हे सांगणारा आकडा आता आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बहुतेक नव्या यंत्रांवर दाखविला जातो: शून्य म्हणजे नेमके, अधिक ३ म्हणजे दुप्पट, उणे ३ म्हणजे निम्मे. तो पाहण्याची सवय मात्र कोणतेही यंत्र लावू शकत नाही. मुंबईत अणुशक्तीनगरला मुख्यालय असलेले अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून या क्षेत्रावर देखरेख करते; यंत्रांना परवाना, ठरावीक मुदतीने दर्जाची तपासणी, तंत्रज्ञांच्या छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला, हे सारे त्याच्या नियमांत आहे. पण बिल्ला तंत्रज्ञाची मात्रा मोजतो. रुग्णाची मात्रा त्या कोपऱ्यातल्या आकड्यावरूनच कळावयाची, आणि म्हणून तो फोटोबरोबर दप्तरात नोंदविला जावा असा माझा आग्रह आहे.

सीटी स्कॅनने तर छायाभेदाची व्याख्याच पालटून टाकली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळ विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे छेद टिपले. प्रत्येक चित्र उभे-आडवे ८० चौकटींचेच होते, तरी शोषणातील अर्ध्या टक्क्याचा फरक त्यात उमटत होता. पाणी शून्य, हवा उणे १०००, घट्ट हाड १०००च्या घरात, अशी मोजपट्टी त्यांच्याच नावाने चालते. मेंदूचा करडा व पांढरा भाग या दोहोंत अंतर जेमतेम दहा एककांचे. हजारो एककांची ती सगळी पट्टी एकदम पडद्यावर मांडली तर मेंदू म्हणजे एक सपाट करडा गोळा दिसेल. म्हणून ४० भोवतीची केवळ ८० एककांची खिडकी उघडतात, तिच्या खालचे सगळे काळे, वरचे सगळे पांढरे करून टाकतात, आणि मग त्या दहा एककांना रूप येते. एकाच छातीचे छेद फुप्फुसाच्या खिडकीतून पाहिले तर हाडे पांढऱ्या ठोकळ्यांसारखी, हाडांच्या खिडकीतून पाहिले तर फुप्फुसे नाहीशी. नोंद एकच, कोणती खिडकी उघडावयाची हे पाहणाऱ्याने ठरवावे लागते.

येथेच आपल्याकडील एका प्रचलित रिवाजाबद्दल तळमळीने लिहिणे भाग आहे. स्कॅनच्या शेकडो छेदांतून निवडलेले काही छेद, ठरवून दिलेल्या एकाच खिडकीतून, एका फिल्मवर छापले जातात. नातेवाईक ती फिल्म घराच्या खिडकीशी धरून मोबाइलने तिचा फोटो काढतात, आणि तो व्हॉट्सॲपवरून दूरच्या शहरातील डॉक्टरांकडे जातो. मागच्या झाडांच्या सावल्या, काचेवरची चमक, मोबाइलने स्वतःहून केलेले उजेडाचे फेरफार आणि पाठविताना झालेली काटछाट, या सर्वांतून जे उरते त्यावर एखाद्याच्या मेंदूतील रक्तस्रावाबद्दल मत मागितले जाते. जे दहा एककांचे अंतर मिळविण्यासाठी इतके केले ते येथे क्षणात नष्ट होते. स्कॅनची मूळ नोंद सीडीवर किंवा लिंकवर मागण्याचा हक्क रुग्णास आहे, आणि ती मागावी. मोबाइलवरचा फोटो तातडीची कल्पना देण्यापुरताच धरावा.

ज्या रुग्णालयात आजोबांचा फोटो निघाला, तेथील वरिष्ठ तंत्रज्ञ रद्द झालेल्या फोटोंची एक नोंदवही अजून हाताने भरतात, जरी संगणकावर असा फोटो एका कळीने पुसता येतो. रकाने साधे आहेत: तारीख, भाग, कारण. कारणांत काय काय नसते! मंगळसूत्र राहिले; गळ्यातला तावीज; कमरेचा करगोटा थेट माकडहाडावर; पाठीवर आलेली ओली वेणी, जिची छाया फुप्फुसाच्या शेंड्यावर पडून क्षयाचा डाग वाटावी; मूल हलले; चौकट चुकली; मात्रा कमी. महिनाअखेरीस ते कारणांची बेरीज करतात. मी पाहिलेल्या पानांवर सर्वांत मोठी बेरीज अर्धवट श्वासाची होती. तेव्हापासून तेथे एक बदल झाला आहे: नंबर लागण्यापूर्वी बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्यांकडून शिपाईच श्वास भरण्याची तालीम करवून घेतो, बायकांना वेणी वर बांधावयास सांगतो, आणि ज्याला श्वास धरवत नाही त्याच्या चिठ्ठीवर तसा शेरा लिहून ती आत पाठवतो, म्हणजे फोटोचा वेळ आधीच कमी ठेवता येतो.